प्रॅक्टिसमध्ये जीव तोडून पळतो, मॅचला मात्र बाहेर: मुलाने पोर्टलमध्ये नाव टाकावं का?

आधी प्रश्न थोडक्यात. डॅलसजवळ राहणाऱ्या एका ताईंचा मुलगा वरच्या पातळीच्या, म्हणजे एफबीएसमधल्या एका कॉलेजात स्कॉलरशिपवर फुटबॉल खेळतो. फुटबॉल अर्थातच अमेरिकन. जागा सेफ्टीची, म्हणजे डिफेन्समधल्या (बचाव फळीतल्या) अगदी मागच्या खेळाडूची; शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, नुकताच दुसरा सीझन संपला. पहिल्या वर्षी रेडशर्ट होता, म्हणजे संघात असूनही खेळण्याच्या चार सीझनपैकी एकही खर्च केला नाही. यंदा तीन मॅचमध्ये मैदानात उतरला, तोही फक्त किकऑफच्या वेळी. प्रॅक्टिसला सगळ्यांच्या आधी हजर असतो, कोच सगळ्यांसमोर त्याच्या मेहनतीचं कौतुक करतात. पण खेळतो तो मागच्या जानेवारीत एका लहान कॉलेजातून ट्रान्सफर होऊन आलेला मुलगा. आता २ जानेवारी २०२६ ला पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंनी नाव नोंदवायची यादी, उघडतंय, रूममेट चाललाय, आणि एक 'एजंट' रोज मेसेज करतोय. ताई विचारतात, "एवढी मेहनत करूनही खेळवत नसतील तर तिथे थांबून काय उपयोग?"

मी कॉलेज फुटबॉलच्या व्हिडिओ विभागात बरीच वर्षं काढली आहेत. आमचं काम म्हणजे प्रत्येक प्रॅक्टिस आणि प्रत्येक मॅच दोन बाजूंनी चित्रित करायची, एक उंचावरून बाजूने आणि एक गोलपोस्टच्या मागून. मुलं आंघोळ करून जेवायला बसायच्या आत एकेका खेळीचा तुकडा कापून कोचांच्या स्क्रीनवर गेलेला असतो. त्यामुळे कोण किती पळतो यापेक्षा, कोच फिल्म थांबवून नेमकं काय बघतात, हे मला जास्त ठाऊक आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: या जानेवारीत जाऊ नये, असंच मला वाटतं. एका भेटीत ते बदलू शकतं. त्या भेटीबद्दल पुढे लिहितो.

ताई, जितका अभ्यास तितके मार्क, हे गणित आपल्या घराघरांत पक्कं बसलेलं आहे. फुटबॉलच्या प्रॅक्टिसला ते लागू होत नाही. या पातळीवर मेहनत सगळेच करतात, आणि ती मोजलेली असते. पाठीवरच्या जीपीएसमुळे कोण किती वेगाने किती यार्ड पळाला हे संध्याकाळी कागदावर येतं. फिल्म बघताना कोच 'लोफ' टिपतात, म्हणजे बॉल आपल्यापासून लांब गेल्यावर कुणी वेग कमी केला, कुणी चालायला लागला. लोफ जास्त झाले की तुमचं नाव खाली सरकतं. लोफ शून्य असले म्हणून ते वर सरकत नाही. मेहनत कमी पडली तर शिक्षा आहे, पुरेशी पडली तर बक्षीस नाही, एवढाच तिचा हिशेब. कोचांनी सगळ्यांसमोर केलेलं कौतुक खोटं नसतं, पण ते 'तू खेळशील' असं आश्वासनही नसतं. बऱ्याचदा ते पहिल्या फळीतल्या आळशी मुलांना ऐकवण्यासाठी असतं!

मग वर कशाने सरकतो? सेफ्टीच्या बाबतीत मी जे बघितलंय ते सांगतो, कारण इथे तपशील महत्त्वाचा आहे.

सेफ्टी हा डिफेन्सचा शेवटचा माणूस. त्याच्या मागे फक्त एंड झोन, जिथे बॉल पोचला की समोरच्यांना सहा पॉइंट. बॉल सुटायच्या आधी समोरचा एखादा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पळत जातो, त्याला मोशन म्हणतात. तो हलला की अख्ख्या डिफेन्सची मांडणी बदलायची असते, आणि ते ओरडून सांगायचं काम बहुतेक वेळा सेफ्टीचं. दोन सेकंदांत ओळखायचं, सांगायचं, स्वतःची जागा बदलायची. आता तिसऱ्या फळीतला उत्साही सेफ्टी डोळ्यांसमोर आणा. मोशन झाली, त्याने हाक दिली नाही किंवा उशिरा दिली, आणि बॉल सुटल्यावर बाणासारखा भलत्याच बाजूला सुटला. जीपीएसवर आकडा झकास. फिल्मवर त्याच्या मागे तीस यार्ड मोकळं मैदान. आमच्याकडे एक जुने डिफेन्स कोच अशा मुलाबद्दल म्हणायचे, "हा फार जोरात चुकतो." सेफ्टीच्या पुढे उभा असणारा लाइनबॅकर चुकला तर आठ यार्ड जातात, सेफ्टी चुकला तर सहा पॉइंट जातात. म्हणून या जागेवर कोच वेगापेक्षा विश्वास बघतात, आणि ट्रान्सफर होऊन आलेल्या, लहान कॉलेजात का होईना पण पंचवीस-तीस मॅच खेळलेल्या मुलाला झुकतं माप मिळतं.

दुसरी गोष्ट, रेप्स, म्हणजे सरावात प्रत्यक्ष खेळायला मिळणाऱ्या खेळी. प्रॅक्टिस पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत चालते, भोंगा वाजला की पुढचा तुकडा. 'टीम' तुकड्यात समजा डझनभर खेळी लिहून ठेवल्या असतील तर सात-आठ पहिल्या फळीला, उरलेल्या दुसऱ्या फळीला. तिसऱ्या फळीतला मुलगा त्या वेळी पलीकडे स्काउट टीममध्ये असतो. म्हणजे पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याची सोंगं काढत, कार्डावर काढलेल्या आकृत्या बघून त्यांचा डिफेन्स खेळत. स्वतःच्या डिफेन्सच्या खेळी त्याला फक्त मीटिंगमध्ये आणि टॅबलेटवर दिसतात. सीझनमध्ये एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, नियमाने आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त ४, आणि एक दिवस सुट्टी. त्या २० तासांत मीटिंग, वजनं, प्रॅक्टिस सगळं आलं. कोचच्या मनात असलं तरी तिसऱ्या फळीला शिकवायला त्याच्याकडे वेळच नसतो. इथे पक्षपात शोधू नका.

आणि स्काउट टीमला कमीही लेखू नका. जॉर्जिया विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) स्टेट्सन बेनेट २०१७ मध्ये स्कॉलरशिपशिवाय स्काउट टीमवर होता. ओक्लाहोमाविरुद्धच्या रोझ बोल या मोठ्या मॅचच्या तयारीत त्याने त्यांच्या क्वार्टरबॅकची, बेकर मेफील्डची, भूमिका केली. मग तो एक वर्ष मिसिसिपीतल्या दोन वर्षांच्या 'ज्युनिअर कॉलेजा'त (आपलं अकरावी-बारावीचं नव्हे) जाऊन खेळला, परत आला, आणि २०२१ आणि २०२२ अशा लागोपाठ दोन सीझनला जॉर्जियाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. गंमत म्हणजे त्याच्या गोष्टीत थांबणंही आहे आणि जाणंही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक त्याचंच उदाहरण देतात.

तिसऱ्या फळीतून वर येण्याचा खरा रस्ता स्पेशल टीम्समधून जातो. किकऑफ, पंट, त्यांचे रिटर्न. तुमचा मुलगा तीन मॅचला किकऑफसाठी उतरला, याला तुम्ही 'फक्त' म्हणालात. मी नाही म्हणणार. बाहेरगावच्या मॅचला अख्खा संघ जात नाही, रोस्टरमधले, म्हणजे संघाच्या यादीतले, पंचवीस-तीस जण घरीच राहतात. प्रवासाच्या यादीतल्या शेवटच्या जागांवर कोच भांडतात तेव्हा स्पेशल टीम्सचा कोच म्हणतो, "मला हा पाहिजे." एकदा एका चौथ्या फळीतल्या मुलाचा किकऑफचा तुकडा कोचने मीटिंगमध्ये तीन वेळा मागेपुढे करून दाखवला होता. त्याने टॅकल केलेलाच नव्हता. त्याने आपली लेन सोडली नव्हती, दोन ब्लॉकर अंगावर घेतले होते आणि त्यामुळे मागच्या मुलाला टॅकल मिळाला होता. पुढच्या शनिवारी तो विमानात होता. सेफ्टी म्हणून खेळायला मिळायला त्याला पुढे अख्खा सीझन लागला, पण सुरुवात तिथून झाली.

आता ट्रान्सफर.

पूर्वी ट्रान्सफर झालं की एक वर्ष बसावं लागे, आणि जुन्या कॉलेजच्या परवानगीशिवाय दुसऱ्यांशी बोलताही येत नसे. ऑक्टोबर २०१८ मध्ये पोर्टल आलं, ती परवानगीची भानगड संपली. २०२१ मध्ये एकदा ट्रान्सफर करून लगेच खेळायची मुभा मिळाली, त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता यायला लागले. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टाने दुसऱ्यांदा ट्रान्सफर होणाऱ्यांना वर्षभर बसवण्यापासून एनसीएएला अडवलं आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेला मुलगा कितीही वेळा ट्रान्सफर होऊन लगेच खेळू शकतो. २०२५ च्या जूनमध्ये, खेळाडूंच्या पैशांबद्दलच्या 'हाउस' खटल्याची तडजोड मंजूर झाली. कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा कॉलेजमागे साधारण २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. त्याबरोबर फुटबॉल रोस्टरला १०५ ची मर्यादा आली. थेट पैसे द्यायची ही तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांत पूर्वी १२० मुलं असायची तिथे आता १०५. तुमच्या मुलासाठी पैशापेक्षा हाच आकडा जास्त महत्त्वाचा आहे. पोर्टलमधून येणारा प्रत्येक मुलगा आधीच्या कुणाची तरी जागा घेतो.

सगळ्यात मोठा बदल मात्र आत्ताचा. २०२५ पर्यंत दोन खिडक्या, म्हणजे पोर्टलमध्ये नाव नोंदवायच्या मुदती, होत्या, डिसेंबरमध्ये एक आणि एप्रिलमध्ये एक. एप्रिलची आता बंद झाली. २०२६ साठी एकच, २ ते १६ जानेवारी. राष्ट्रीय फायनल खेळणाऱ्यांना त्यानंतर पाच दिवस जादा. आणि मुख्य कोच गेला तर नवा कोच ठरल्यानंतर पाच दिवसांनी १५ दिवसांची वेगळी खिडकी उघडते. सेफ्टीचा कोच गेला तर काहीही उघडत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. स्प्रिंग प्रॅक्टिस साधारण मार्च-एप्रिलमध्ये असते, १५ सत्रं. सीझनमध्ये न मिळणारे रेप्स तिसऱ्या फळीला तिथेच मिळतात, आणि पुढच्या वर्षी कोण कुठे हे तिथेच ठरायला लागतं. पूर्वी मुलगा स्प्रिंगमध्ये स्वतःला आजमावून, डेप्थ चार्ट (कोण कितव्या फळीत याची यादी) बघून एप्रिलमध्ये निघू शकत होता. क्वार्टरबॅक जो बरो २०१८ मध्ये ओहायो स्टेटमधून असाच निघाला. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये प्रॅक्टिसमध्ये त्याचा हात मोडला होता, दुसऱ्या नंबरची जागा ड्वेन हॅस्किन्सकडे गेली, स्प्रिंग संपल्यावरही पहिला नंबर मिळेल असं दिसेना, तेव्हा पदवी हातात घेऊन तो मे महिन्यात लुइझियाना स्टेटला (एलएसयू) गेला. २०१९ मध्ये ६० टचडाउन पास, १५ पैकी १५ मॅच जिंकल्या, आणि हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार. तुमच्या मुलाला आता स्प्रिंग बघण्याआधी ठरवावं लागणार आहे. माझ्या मते हा नियम कोचांच्या सोयीचा आहे, बाकावरच्या मुलांच्या नाही. पण आहे तो आहे.

मग मी 'जाऊ नये' का म्हणतो? मुख्य कारण फिल्म. पोर्टलमध्ये हजारो नावं असतात, आणि घेणाऱ्या कॉलेजचा माणूस एका नावावर फार तर काही मिनिटं घालवतो. नाव उघडायचं, मॅचची फिल्म बघायची. मॅचच्या फिल्म कॉलेजं आपसात वाटून घेतात, त्या सगळ्यांकडे असतात. प्रॅक्टिसची फिल्म मात्र घराबाहेर जात नाही. तुमच्या मुलाची सगळी मेहनत ज्या फिल्मवर आहे ती नव्या कॉलेजला दिसणारच नाही. त्यांना दिसणार तीन मॅचमधले किकऑफ आणि हायस्कूलची जुनी फिल्म. टेक्सासच्या हायस्कूलची असली तरी ती दोन वर्षं शिळी. अशा मुलाला बहुतेक वेळा एक-दोन पायऱ्या खालून बोलावणं येतं, एफसीएस किंवा डिव्हिजन टूकडून, कधी स्कॉलरशिप अर्धी करून. तिथे जाण्यात कमीपणा काहीच नाही. तुमच्या मुलाची जागा घेणारा खेळाडू असाच खाली खेळून, फिल्म करून वर आलाय! पण घरातून निघताना 'मोठ्या कॉलेजात स्टार्टर (पहिल्या फळीतला) होणार' असं मनात असेल तर आधी काढून टाका.

लोक हाइझमनची यादी दाखवतात. २०२२ ते २०२५ चे चारही विजेते ट्रान्सफर होऊन आलेले: केलेब विल्यम्स, जेडन डॅनियल्स, ट्रॅव्हिस हंटर आणि २०२५ चा फर्नांडो मेंडोसा. खरं आहे. पण हे चौघेही जुन्या कॉलेजात खेळत होते. ते फिल्म घेऊन निघाले. खेळायला मिळत नाही म्हणून त्यांच्यातला एकही निघाला नव्हता.

थांबण्याचंही उदाहरण देतो, कारण दोन्ही प्रकार एकाच वर्षी घडले. जानेवारी २०१८ च्या फायनलमध्ये अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला मध्यंतरात बसवलं, टुआ टॅगोवायलोआ आला आणि त्यांनी मॅच जिंकली. हर्ट्स पुढचा अख्खा सीझन राखीव म्हणून राहिला. डिसेंबरमध्ये एसईसी या त्यांच्या गटाच्या फायनलला टुआ जखमी झाला, संघ २१-२८ मागे, हर्ट्स आला आणि ३५-२८ जिंकून दिलं. मग पदवी घेऊन ओक्लाहोमाला गेला, आणि २०१९ च्या हाइझमनमध्ये बरोच्या मागे दुसरा. त्याच २०१८ मध्ये क्लेमसनचा क्वार्टरबॅक केली ब्रायंटने, ट्रेव्हर लॉरेन्सला स्टार्टर केल्यावर, चार मॅचनंतर संघ सोडला. चार मॅचपर्यंत खेळलं तर वर्ष वाया जात नाही हा नियम तेव्हा नुकताच आला होता. तो मिझुरीला गेला, क्लेमसन १५-० राहून विजेते झाले. ब्रायंटला मी दोष देत नाही. त्याने स्वतःचं एक वर्ष वाचवलं.

त्या नियमाचा तुमच्याशी संबंध असा: पाच वर्षांत चार सीझन. पहिलं वर्ष रेडशर्टमध्ये वाचलं. यंदा तीनच मॅच म्हणून हेही वाचलं असं त्याला वाटत असेल, पण घड्याळ पाच वर्षांचंच आहे. दोन गेली, तीन उरली, सीझनही तीनच. घाई करण्याएवढं कमी नाही, आणि दोनदा ट्रान्सफर करून बघण्याएवढं जास्तही नाही.

इंजिनिअरिंगचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आई-वडिलांनी ते आधी विचारायला हवं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण असावा लागतो, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. ट्रान्सफर झाल्यावर नवं कॉलेज थर्मोडायनॅमिक्सचे क्रेडिट घेईल, पण ते त्यांच्या मेकॅनिकलच्या पदवीत धरेल की 'इतर' म्हणून बाजूला टाकेल, यावर पात्रता अवलंबून. 'इतर' मध्ये गेले की मुलाला 'जनरल स्टडीज' घ्यायला सांगतात. मी हे अनेकदा होताना बघितलंय. त्यात जानेवारीची घाई: खिडकी १६ ला बंद आणि बऱ्याच कॉलेजांचं सेमिस्टर त्याच सुमारास सुरू. प्रवेशाचा शेवटचा दिवस चुकला तर स्प्रिंग प्रॅक्टिसही गेली.

तुमचा मुलगा इथे जन्मलेला, त्यामुळे पुढचा मुद्दा तुमचा नाही. पण वाचणाऱ्यांत कुणाचं मूल एफ-१ व्हिसावर असेल तर कॉलेजकडून किंवा जाहिरातीतून येणारा पैसा हा नोकरीचा प्रश्न ठरू शकतो. सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. मंडळात कुणीतरी सांगितलं, यावर जाऊ नका.

त्या 'एजंट'बद्दल. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये एजंटला खेळाडूंच्या संघटनेचा परवाना लागतो, कॉलेजात तसा देशभराचा एकच परवाना नाही, त्यामुळे बऱ्याचदा कुणीही उठून एजंट होतो. नाव पोर्टलमध्ये येण्याआधी दुसऱ्या कॉलेजच्या लोकांनी संपर्क करणं नियमबाह्य आहे, म्हणून तो 'माझ्याकडे तीन कॉलेजं तयार आहेत' म्हणतो आणि नावं सांगत नाही. तिसऱ्या फळीतल्या सेफ्टीसाठी तीन कॉलेजं तयार असतील तर ती खिडकी उघडल्यावरही असतील. तो टक्के किती मागतो आणि स्कॉलरशिपवरही मागतो का, हे लेखी विचारा. बऱ्याचदा तिथेच मेसेज थांबतात.

आता ती भेट. या आठवड्यात मुलाने, तुम्ही नव्हे, सेफ्टीच्या कोचला फोन करून वेळ मागावी. 'मी का खेळत नाही' हा प्रश्न विचारू नये, त्याला 'मेहनत करत राहा' हेच उत्तर मिळतं. विचारावं असं: माझी कोणती चूक फिल्मवर पुन्हा पुन्हा दिसते, दोन तुकडे दाखवाल का? स्प्रिंगमध्ये मी कोणत्या फळीत सुरुवात करणार? या जानेवारीत पोर्टलमधून सेफ्टी आणताय का, किती? आणि पुढच्या वर्षी स्पेशल टीम्सच्या चारपैकी किती गटांत मी आहे?

कोचने लॅपटॉप उघडून तुकडे दाखवले, 'मोशनवर तुझी हाक उशिरा येते' असं नेमकं सांगितलं, आणि दोन-तीन गटांत नाव आहे म्हणाला, तर राहायचं. तो मुलगा त्यांच्या हिशेबात आहे. तुकडे न दाखवता पाठ थोपटली, आणि दोन सेफ्टी येतायत हे कबूल केलं किंवा टाळलं, तर माझं मत बदललं असं समजा. १०५ च्या यादीत त्याची जागाच धोक्यात आहे, मग खाली का होईना पण खेळायला जावं. मधलं उत्तर आलं तर स्पेशल टीम्सच्या कोचला वेगळं विचारावं. ते लोक सहसा स्पष्ट बोलतात, त्यांना हाताशी माणसं हवी असतात.

जायचंच ठरलं तर दोन गोष्टी. नाव नोंदवायला सांगितल्यावर कॉलेजने दोन कामकाजाच्या दिवसांत ते टाकायचं असतं, आणि त्यानंतर चालू सेमिस्टरपुढची स्कॉलरशिप बंद करायला ते मोकळे असतात. परत घेतलंच पाहिजे असं बंधन नाही. म्हणून 'टाकून बघू, नाही जमलं तर राहू' हा विचार करू नका. आणि टाकायचं तर २-३ तारखेला टाका. १४ तारखेपर्यंत सेफ्टीच्या जागा भरलेल्या असतात.

दुसरं, नोंदवण्याच्या आदल्या दिवशी त्याने व्हिडिओ ऑफिसमध्ये जाऊन स्वतःचे मॅचमधले सगळे स्पेशल टीम्सचे तुकडे दोन्ही कोनांतून मागून घ्यावेत. नाव पोर्टलमध्ये आलं की त्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद होऊ शकतं. आमच्यातले बहुतेक जण मागितलं तर देतात, फक्त समोर येऊन मागावं लागतं.